कोवळी कोर आणि डॉक्टरांचा उजवा डोळा

मी लेन्स बोलतेय. कॅमेऱ्याच्या तोंडाला लावतात ती. हातभर लांब आणि तान्ह्या मुलाएवढी जड. मला पापणी नाही. समोर येईल ते आत घ्यायचं आणि मागच्या डोळ्याला द्यायचं, एवढंच मला येतं.

माझा पहिला मालक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. त्याने मला मैदानामैदानांतून हिंडवलं, पावसात भिजवलं आणि पाठ दुखायला लागल्यावर विकून टाकलं. मग मी दातांच्या डॉक्टरांकडे आले.

डॉक्टर मायाळू. मला मऊ फडक्याने पुसायचे. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू होता. दातांचं बारीक काम काय किंवा माझ्यातून बघणं काय, सगळा भार उजव्यावर. दवाखान्यात त्यांची बायको पेशंटांचे नंबर लावायची. पेशंट नसले की डॉक्टरांचा एकच विषय, चंद्राची कोर. तीही अमावास्या सरून दिवसही उलटला नाही अशी, केसाएवढी.

"नखाएवढ्या चंद्रापायी रोज जेवण गार करता," बाई म्हणायच्या.

"सगळ्यांना दिसते ती कोर टिपण्यात काय मजा?"

इतकी कोवळी कोर सूर्याच्या अगदी जवळ असते. सूर्य बुडाला की तीही मागोमाग जाते, आणि दर वेळी क्षितिजावरचा धूर तिला आधीच गिळायचा. शेवटी डॉक्टरांनी ठरवलं, सूर्य वर असतानाच तिला शोधायचं. ते ऐकलं तेव्हापासून मला स्वस्थता नव्हती.

त्या दिवशी दोघं मला घेऊन गच्चीवर आले. शेजारच्या इमारतीवर जाहिरातीचा मोठा फलक होता. सूर्य फलकामागे, आम्ही त्याच्या सावलीत. फलकाच्या डावीकडचं आभाळ डॉक्टर माझ्यातून इंचाइंचाने धुंडाळत होते.

"फलकाखाली फट आहे," बाई म्हणाल्या. "सूर्य तिथून बाहेर येईल."

"अजून वेळ आहे त्याला."

आणि ती सापडली. फिकट निळ्या उजेडात एक पांढरा ओरखडा, मध्येच तुटलेला. डॉक्टरांनी श्वास रोखून फोटो काढले. तेवढ्यात वारा आला, तिवई हलली आणि कोर निसटली. तोवर फटीतून आलेलं ऊन तिवईच्या पायांवरून वर चढू लागलं होतं.

"अहो, डोळा काढा आता."

"थांब गं, इथेच कुठेतरी आहे."

डोळा न काढता त्यांनी मला उजवीकडे वळवलं, जरा खाली झुकवलं. सूर्य सरळ माझ्या पोटात उतरला. तो सगळाच्या सगळा एका बिंदूत गोळा करून मी त्यांच्या डोळ्यात ओतला. दुसरं काही मला येतच नाही.

डॉक्टर झटक्यात मागे सरले. डोळा चोळला. "काही नाही. जरा दिपलं."

खरंच, दुखलंही नव्हतं त्यांना. रात्री घरी फोटो उघडल्यावर ते बायकोला म्हणाले, "ही बघ." त्यांचं बोट रिकाम्या आभाळावर होतं. कोर त्याच्या बरीच वर होती. बाईंनी फोटोऐवजी त्यांच्या डोळ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी फोटो कुणाला तरी दाखवायचा म्हणून डॉक्टरांनी माझी पिशवी दवाखान्यात नेली. खुर्चीत एक शिक्षिका तोंड उघडून बसली होती. डॉक्टरांनी ड्रिल उचललं. मान तिरकी केली, मग आणखी तिरकी, कोंबडी दाणा बघते तशी.

"दुखणार नाही हं," ते म्हणाले. ड्रिलची घरघर तिच्या ओठांपर्यंत पोचली, आणि एकदम थांबली. डॉक्टरांच्या बायकोने प्लग उपसला होता.

"ताई, आज डॉक्टरांना बरं नाही. मी फोन करीन तुम्हाला."

पेशंट गेल्यावर बाईंनी विचारलं, "मधोमध दिसत नाही ना?"

"काळा डाग आहे. जाईल दोन दिवसांत."

"आणि तोवर पेशंटांच्या जिभेचं काय?"

डॉक्टर पेशंटच्याच खुर्चीत बसले. म्हणाले, "आजूबाजूचे सगळे दात दिसत होते गं. तेवढा एकच दिसत नव्हता."

डाग फिका झाला, गेला नाही. दवाखाना बंद झाला. तो फोटो त्यांनी कधी छापला नाही आणि पुसलाही नाही. मला मात्र घरात ठेवणं बाईंना सोसेना.

आता मी जुन्या मालाच्या दुकानात, रस्त्याकडच्या काचेत आडवी पडून आहे. माझी दोन्ही झाकणं हरवली आहेत. दुकानदार म्हणतो, "असू दे, उन्हात चमकते, गिऱ्हाईक थांबतं." माझ्यामागे मखमलीचा जुना पडदा आहे. संध्याकाळचं ऊन तिरपं आत आलं की त्यावर एक पांढराशुभ्र ठिपका पडतो आणि हळूहळू सरकतो. जिथून सरकला तिथे तपकिरी रेघ उरते. काल वासही आला. पडद्यापलीकडे दुकानदाराची लेक झोपली होती.

तुम्ही या रस्त्याने जात असाल तर जरा आत या. विकत नका घेऊ मला. फक्त माझं तोंड भिंतीकडे फिरवा. ऊन आत्ताच दुकानाच्या पायरीवर आलंय.