बाईंचा सपाट आवाज

आनंदीबाईंना त्या लॅपटॉपचा राग होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. पाचवीपासून मनस्वीला प्रश्नपत्रिका वाचून दाखवायच्या त्या बाईंनीच. पोरगी हुशार, पण छापलेली अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा सोडून पळायची. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. आता मनस्वी नववीत होती आणि बाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या, म्हणून शाळेने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणलं. ते मनस्वीला जमलं तर दहावी निभावणार होती. नाहीतर तिची आई तिला आपल्यासोबत मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे विकायला बसवायला तयारच होती.

त्यावर विज्ञानाच्या बहुपर्यायी प्रश्नांचा सराव झाला, त्यात मनस्वीला वीसपैकी आठ पडले. बाईंनी वाचलं की अठरा ठरलेले. बाईंना मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. यंत्राला माया कुठली, असं त्यांनी दोन दिवस स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच हेडफोन कानाला लावला. उच्चार स्वच्छ होते. चारही पर्याय ते यंत्र एकाच सुरात वाचत होतं. बरोबर कुठला, चूक कुठला, त्याला सोयरसुतक नव्हतं. बरोबर पर्यायापाशी आलं की आपला आवाज जरासा रेंगाळतो, हे त्यांना तेव्हा उमगलं.

त्यांनी मनस्वीला बोलावून तसं विचारलं.

"मला ठाऊक होतं, बाई. बाबा लिलाव पुकारतो ना, त्याच्या आवाजावरनं मला कळतं, टोपली आता कितीला सुटणार ती. तुमचंपण तसंच कळायचं."

बाईंना राग आला, पण तो स्वतःचा. इतकी वर्षं मायेपोटी त्यांनी पोरीला उत्तरं भरवली होती. मग पंधरा दिवस शाळा सुटल्यावर दोघी त्याच लॅपटॉपपुढे बसल्या. प्रश्न तीनदा ऐकायचा, मध्ये थांबवायचा, विचार करायचा आणि मगच पेन उचलायचं.

वार्षिक परीक्षेत विज्ञानाचे पंधरा प्रश्न झाले आणि लॅपटॉप बंद पडला. सकाळपासून वीज नव्हती, बॅटरी संपली. मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कागद हातात घेतला आणि सोळाव्या प्रश्नाचे चारही पर्याय एका सुरात वाचले. मनस्वीने ते तीनदा वाचायला लावले आणि पेन नेमकं चुकीच्या पर्यायावर टेकवलं. बाईंनी जीभ दाताखाली धरली, खिडकीबाहेर पाहिलं आणि सतरावा प्रश्न वाचायला घेतला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतकं जड काही गेलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी आई रिकामी टोपली दाराशी ठेवून आत आली. "ओ बाई, दरवेळी अठरा पडतात हिला. ह्या टायमाला चौदाच कशे?"

"त्या अठरांतले बरेचसे माझे होते हो," बाई म्हणाल्या. "हे चौदाच्या चौदा तिचे आहेत."

आईला ते नीटसं कळलं नाही. मनस्वीला कळलं. तिने आईच्या हातून प्रगतिपुस्तक घेतलं आणि दहावीची पुस्तकं त्या लॅपटॉपवर कधी घालायची, ते बाईंना विचारलं.