चौथ्यांदा काटा

साहेब, तुम्ही माणसांच्या बदल्या नाणं उडवून करता आणि वर त्याला पारदर्शकता म्हणता. वृंदाचं काय केलंत ते आता ऐकून घ्या.

कोलकात्यातल्या एस्प्लनेडच्या ऑफिसातून महाराष्ट्रात जायला वर्षाला एकच जागा. दर वर्षी शेवटी सारख्या गुणांचे दोन अर्ज उरतात, मग तुमचं नाणं. वृंदानं तीन वर्षं छापा मागितला, तीनदा काटा पडला.

"यंदा छापाच, मॅडम," समोरच्या टेबलावरचा उन्मेष म्हणाला. दुसरा अर्ज त्याचाच होता. "सारखा सारखा काटा पडेल होय?"

"तुझ्या तोंडात साखर पडो. पण मग तू रे?"

"मी आपला नावाला."

नाण्याला मागचं आठवत नाही, हे वृंदा जाणून होती. तरी फसली. बागबाजारच्या खोलीतली गादी आणि शेगडी तिनं घरमालकीण काकीमाला देऊन टाकली. नाशिकला भावजयीला फोन केला, "गौरी, अप्पांना सांग, मी येतेय. कायमची." अप्पा हल्ली जेवलेलंही विसरतात. हे मात्र विसरले नाहीत.

काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही नाणं उडवलंत. काटा.

उन्मेषनं मान खाली घातली. "मी माघार घेऊ का, मॅडम?"

"गप रे. बायकोला सातवा महिना ना तुझ्या? जा."

मग ती तुम्हांला एवढंच म्हणाली, "सर, चौथ्यांदा झालं हे."

तुम्ही हसलात. "चारात दोनदा अपेक्षित असतं, मॅडम. पण अपेक्षा म्हणजे हमी नव्हे. पुढच्या वर्षी पुन्हा निम्मी संधी आहेच की!"

गणित बरोबर आहे तुमचं. पण ते पुरतं करा ना! चारात दोन छापे ही सरासरी झाली. त्याच हिशेबात सोळा जणांमागे एकाच्या वाट्याला चारही काटे येतात. म्हणजे असं कुणीतरी निघणार, हे धरूनच तुम्ही हा नियम केलात. फक्त तिचं नाव तुम्हांला ठाऊक नव्हतं.

आज संध्याकाळी वृंदा उघड्या फरशीवर बसली होती. गौरीचा फोन आला.

"ताई, अप्पा सकाळपासून ओट्यावर बसलेत. स्वेटर घालून. जेवायलाही आत येत नाहीत. म्हणतात, वृंदा आली की एकदमच बसू."

"दे त्यांना."

"कोण बोलतंय?"

"अप्पा, मी वृंदा."

"वृंदा घरी नाही हो," अप्पा म्हणाले. "ती गाडीत आहे. पोचेलच एवढ्यात."

आणि त्यांनी फोन गौरीकडे देऊन टाकला.

वृंदा तुम्हांला काही विचारणार नाही, साहेब. उद्या वेळेवर कामावर येईल. मी विचारतोय. त्या म्हाताऱ्याला ओट्यावरून आत कुणी न्यायचं? उत्तर द्या.