वरच्या खोलीची यादी

"शोमवारी या म्हणाले होते," बाई म्हणाल्या आणि लगेच त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

मीटरकाका दारात उभे होते, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात अर्धा सोललेला बटाटा. बाई काय म्हणतायत ते त्यांना चटकन कळलं नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या या बाईंचा आवाज सगळ्या गल्लीच्या ओळखीचा होता. शेवटच्या बाकावरही शब्द न् शब्द पोहोचायचा. तोच आवाज आज भिजलेल्या कागदासारखा झाला होता.

"कोण, कवळीवाले?" काकांनी विचारलं.

बाईंनी मान डोलावली. त्यांची कवळी मधोमध तडकली होती आणि ती त्यांनी काकांच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूकडे सांधायला दिली होती. सोमवारी मिळणार होती. आज बुधवार.

"गावाला गेलेत बहुतेक," काका म्हणाले. "आले की मी स्वतः आणून देतो."

बाई जिना उतरून गेल्या तशा काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "बहुतेक काय बहुतेक? आठ दिवस झाले. आपल्याला तरी कुठे ठाऊक आहे ते कुठे आहेत?"

ते खरं होतं. गेल्या मंगळवारी सकाळी कवळीवाले खांद्याला एक पिशवी लावून खाली आले होते. काका दारात चप्पल झटकत होते. "येतो," कवळीवाले म्हणाले. काका म्हणाले, "या." अकरा वर्षं रोज हेच बोलणं होत होतं, त्यामुळे त्यात वेगळं काही ऐकायचं काकांना सुचलं नाही. त्या संध्याकाळी वरची खिडकी अंधारीच राहिली. दुसऱ्या दिवशीही. फोन बंद येत होता.

कवळीवाले म्हणजे पन्नाशी उलटलेला, एकटा, कमी बोलणारा माणूस. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि हे वर बसून कवळ्या घडवायचे. जुनी गिऱ्हाइकं दुरुस्तीला थेट यायची. अकरा वर्षांत त्यांच्याकडे पाहुणा म्हणून कोणी आलेलं काका-काकूंनी पाहिलं नव्हतं.

"किल्ली आहे की आपल्याकडे," काकू म्हणाल्या. "उघडा, कवळी काढा, बंद करा. दोन मिनिटांचं काम."

"त्यांचं घर आहे ते."

"आपलंच घर आहे ते."

"भिंती आपल्या. घर त्यांचं."

काकूंनी कपाळाला हात लावला. नवऱ्याचा हा स्वभाव त्यांना काही नवा नव्हता. काकांनी एकतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचण्याचं काम केलं होतं. दुसऱ्याच्या अंगणात रोज पन्नास वेळा पाय ठेवायचा, पण बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, खिडकीतून डोकावायचं नाही. कुलूप दिसलं की वहीत 'दार बंद' लिहून पुढच्या घरी. बरोबरचे लोक अंदाजे आकडे टाकून मोकळे व्हायचे. काकांनी कधी टाकला नाही. त्यामुळे साहेबांची बोलणी खाल्ली, पण वही खोटी पडली नाही.

"एकतीस वर्षं 'दार बंद' लिहून पगार घेतलात," काकू म्हणाल्या. "आता स्वतःच्या दारावरही तेच लिहा."

बटाटा तसाच ठेवून काका समोरच्या वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "भाडं थकलंय का?"

"छे. तीन-तीन महिन्यांचं आधीच देतात. अजून दोन महिन्यांचं भरलेलं आहे."

"मग काका, तोवर खोली त्यांचीच. किल्ली तुमच्याकडे आहे म्हणून हक्क तुमचा होत नाही. आग लागली, पाणी गळायला लागलं, आत कोणाच्या जिवाचं बरंवाईट होतंय असं वाटलं, तर उघडता येईल. नाहीतर दारावर नोटीस लावायची, वाट बघायची, पोलिसांना कळवून ठेवायचं. उघडायची वेळ आलीच तर दोन माणसांच्या समोर. आत जे असेल त्याची यादी करायची, आणि वस्तू जिथल्या तिथे."

"दात म्हणजे जिवाचं बरंवाईट होतं का?"

वकीलबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "दातांबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नाही."

पोलीस ठाण्यात टेबलामागच्या माणसाने विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"घरमालक."

"नातेवाईक कोणी?"

"मला माहीत नाही."

"अकरा वर्षं राहतायत म्हणता, आणि माहीत नाही?"

काका ओशाळले. मोठा माणूस आहे, आपल्या पायांनी गेलाय, येईल, असं सांगून त्या माणसाने नोंद तेवढी करून घेतली. घरी आल्यावर काकांनी सुवाच्य अक्षरात कागद लिहिला, 'आल्यावर कृपया खाली भेटावे. काळजी वाटते.' दुसरं वाक्य नोटिशीत बसत नाही असं त्यांना वाटलं, पण खोडलं नाही. कागद वरच्या दारावर चिकटवला.

शनिवारी बाई पुन्हा आल्या. या वेळी काकूंनी त्यांना आत बसवलं, चहा दिला. बाईंनी चहात बिस्कीट पार विरघळेपर्यंत बुडवून ठेवलं.

"नवीन करून घ्या ना डॉक्टरांकडून," काका म्हणाले.

"महिना लागेल म्हणाले." बाईंनी रुमाल खाली घेतला. बोलताना त्या शब्दाशब्दाला थांबत होत्या. "खाण्याचं काही नाही हो. मी दुधात पाव भिजवून खाईन. पण यांचं काय करू?"

बाईंच्या यजमानांची नजर तीन वर्षांपूर्वी गेली होती आणि आता आठवणही चालली होती. कोण आलं, कोण गेलं, कळत नसे. मुलगा आला तर त्यालाही 'आपण कोण' म्हणून विचारत. फक्त बाईंचा आवाज तेवढा त्यांना ओळखू यायचा. बाई रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या आणि मग दिवस सरळ जायचा.

"आता मी वाचायला लागले की म्हणतात, या कोण बाई? हिला बोलवा. मी म्हणते, अहो मीच. तर म्हणतात, नाही, हिला बोलवा." बाईंनी कप खाली ठेवला. "काल माझ्या हातून जेवले नाहीत. परक्या बाईकडून कसं जेवायचं, म्हणाले."

काकू नवऱ्याकडे बघत होत्या. एरवी त्या दोन वाक्यं बोलल्या असत्या. आज त्या गप्प राहिल्या, आणि काकांना तेच जास्त जड गेलं. ते उठले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि पायात चपला सरकवल्या. "वकीलबाईंना घेऊन येतो."

वकीलबाई जिना चढताना म्हणाल्या, "काका, ते आल्यावर तक्रार करू शकतात."

"करू देत. तो त्यांचा हक्क आहे."

दार उघडलं. आत मेणाचा आणि प्लास्टरचा कोरडा वास होता. काका क्षणभर उंबऱ्याबाहेरच थांबले. मग चपला काढून आत गेले.

खोली नीटनेटकी होती. पलंगावर घडी घातलेलं पांघरूण, खिडकीशी कामाचं टेबल, त्यावर लहानमोठ्या कानशी आकाराप्रमाणे लावलेल्या. शेल्फवर दातांचे साचे रांगेत, जणू एखादा वर्ग हसता हसता थांबला होता. खालच्या फळीवर झाकणाचे सहा डबे आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. बाईंच्या नावाचा डबा तिसरा. कवळी आत पाण्यात होती, सांधा शोधूनही सापडत नव्हता.

"मिळाली ना? चला," काकू म्हणाल्या.

"यादी करायची," काका म्हणाले, आणि टेबलाशी उभ्यानेच लिहायला लागले. पलंग एक. खुर्ची एक. शर्ट चार. कानशी अकरा. काकू सांगत होत्या, वकीलबाई बघत होत्या. पलंगाखाली पत्र्याची पेटी निघाली. तिला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. काकूंचा हात कडीपर्यंत गेला. काकांनी लिहिलं, 'पेटी एक, उघडलेली नाही,' आणि काकूंनी हात मागे घेतला. शेवटी त्यांनी लिहिलं, 'कवळी एक, गरज होती म्हणून बाईंना दिली.' खाली तिघांनी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी बाई सकाळीच जिन्यात भेटल्या. आवाज परत आला होता, फक्त 'स' म्हणताना बारीक शिट्टी वाजत होती.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"म्हणाले, इतके दिवस कुठे गेली होतीस?" बाई हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. "मी म्हटलं, इथेच होते. तर म्हणाले, सांगून जात जा."

उरलेल्या पाच डब्यांसाठीही माणसं आली. प्रत्येक वेळी काकांनी वकीलबाईंना बोलावलं आणि यादीत एक ओळ वाढवली.

कवळीवाले आले ते सातव्या आठवड्यात, दुपारी. अंगावरचा शर्ट सैल झाला होता. दारावरचा कागद वाचून ते खाली आले आणि काकांसमोर उभे राहिले.

"बसा," काका म्हणाले. "आधी पाणी प्या. आणि मी तुमची खोली उघडली होती. तुम्हाला न विचारता." त्यांनी यादी पुढे केली.

कवळीवाल्यांनी कागद दोन्ही हातांत धरून वरपासून खालपर्यंत वाचला. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "पेटी उघडली नाहीत?"

"तिची गरज नव्हती."

कवळीवाल्यांनी कागदाची नीट घडी घातली. मग त्यांनी सांगितलं. बहीण होती. आईवडिलांच्या घरावरून बोलणं तुटलं, त्याला बावीस वर्षं झाली. पेटीत तिची पत्रं होती, उत्तर न दिलेली. त्या मंगळवारी तिच्या शेजाऱ्यांचा फोन आला की ती अंथरुणाला खिळलीय, जवळ कोणी नाही. पहिली गाडी पकडली. उतरताना फोन गाडीतच राहिला.

"तुमचा नंबर पाठ नव्हता. कधी लागलाच नाही. जिना उतरला की तुम्ही होताच."

"पत्र टाकायचं," काकू म्हणाल्या.

"रोज वाटायचं, उद्या तिला जरा बरं वाटेल, उद्या निघू. सहा आठवडे मी तिला भरवत होतो. मागच्या गुरुवारी गेली."

काकूंनी पंखा सुरू केला आणि त्यांच्यासाठी ताट वाढायला आत गेल्या. काका म्हणाले, "बोलली का तुमच्याशी?"

"हो. भांडली सुद्धा," कवळीवाले म्हणाले. "दोन दिवस. मग बरं वाटलं आम्हाला."

जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाईंची कवळी कशी बसली?"

"छान. 'स'ला जरा शिट्टी येते."

"येणारच. शेवटचं घासायचं राहिलं होतं. उद्या सकाळी जाऊ या, तुम्ही येता?"

सकाळी दोघे निघाले. कवळीवाल्यांच्या हातात कानशींची लहान पिशवी होती. बाईंचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत खुर्चीत यजमान डोळे मिटून बसले होते, हात मांडीवर, आणि बाई त्यांच्याजवळ स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. नदीवरच्या एका जुन्या पुलाची बातमी होती. 'सत्तर वर्षांपूर्वी' म्हणताना शिट्टी वाजली. कवळीवाल्यांनी मान कलती करून ती ऐकली आणि कोणत्या दाताशी घासायचं ते मनाशी ठरवलं.

काकांनी दार वाजवायला हात उचलला. कवळीवाल्यांनी त्यांच्या मनगटाला हलकेच धरलं.

"परिच्छेद होऊ द्या," ते हळू आवाजात म्हणाले.

दोघे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. बातमी लांबलचक होती. बाई न थांबता वाचत होत्या, आणि यजमान मधूनमधून 'हं' म्हणत होते.