साक्षीदार नंबर तीन

माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पस्तीस वर्षं कपडे शिवतेय. दुकान बाबांचं, मशीन बाबांचं आणि तोंडही बाबांचंच. त्या तोंडापायीच माझी धाकटी बहीण दुकानातून निघून गेली. तिला अर्ध्या दुकानात तयार कपडे ठेवायचे होते. मी भर गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, तुझ्या हाताला टाका नाही म्हणून तुला हे सुचतंय. तिने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरली. पुढची अकरा वर्षं, आधी कुणी बोलायचं, यातच गेली. मीही हटून बसले, तीही.

मग एक दिवस फोनवर तिच्या नावाने मैत्रीची विनंती आली. फोटो तिचाच, मी शिवलेल्या राखाडी कोटातला. तो कोट तिने अजून ठेवलाय हे बघून मला दुकानातच रडू फुटलं. समोर एक साहेब पँटचं माप द्यायला उभे होते, ते बिचारे उद्या येतो म्हणून गेले.

तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, माप पाठव, नवा कोट शिवते. उत्तर आलं, ‘एम साइझ.’

शिंप्याची पोर मरेल, पण एम साइझ म्हणणार नाही. छाती, कंबर, पाठ, बाही, सगळं इंचात सांगेल आणि वर म्हणेल, काखेत अर्धा इंच सैल ठेव. समोर कुणीतरी भलतंच आहे, हे मला तिथल्या तिथे कळलं. तरी मी लिहीत राहिले. पाच महिने.

अक्कल गहाण ठेवली होती का, असं सगळ्यांनी विचारून झालंय. नव्हती. रोज दुपारी एक वाजता कुणीतरी विचारायचं, ‘ताई, जेवलीस का?’ बाबा गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. वाटलं, असेल कुणी रिकामटेकडी बाई, कुठल्या कुठे बसलेली. आणि मी तिला थोडीच लिहीत होते? मी धाकटीला लिहीत होते. काजं करता करता आम्ही दोघी गिऱ्हाइकांबद्दल जे बोलायचो तेच. कुणाची कंबर चार इंचांनी सुटली, कुठल्या साहेबांच्या खांद्यात भर घालावी लागते, कुणाची आई दार लावून घेऊन म्हणाली की मुलीचा लग्नाचा पोशाख पोटाशी सैल करा. शिंप्याने हे मेलं तरी तोंडातून काढायचं नसतं. मी नावानिशी लिहिलं. आणि एका दुपारी हेही लिहून टाकलं, की टाका तुझ्याच हाताला होता गं, माझ्यापेक्षा बारीक, आणि मला त्याचाच जळफळाट व्हायचा.

सहाव्या महिन्यात ताई-बिई गेलं आणि धमकी आली. पैसे टाक, नाहीतर तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना तुझेच मेसेज पाठवतो, दुकानही पेटवतो. माझी पाचावर धारण बसली. एकदा पैसे टाकले. दुसऱ्यांदा मागितले तेव्हा डोकं फिरलं, मशीनवरचा कपडा तसाच सोडून मी पोलीस चौकीत गेले.

तो सापडला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा, सव्वीस-सत्तावीसचा, चेहऱ्याने अगदी गरीब. आणखी नऊ जणांना त्याने असंच लुटलं होतं. कुणाचा मेलेला मुलगा बनून, कुणाची शाळेतली मैत्रीण बनून.

खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकीलबाईंनी मला साक्षीदारांची यादी वाचून दाखवली. नंबर एक मी. नंबर दोन तपास अधिकारी. नंबर तीन माझी धाकटी बहीण. कारण ते खातं तिचं नाही, हे तिने स्वतः कोर्टात उभं राहून सांगायला हवं. पोलिसांनी तिचा जबाब आधीच घेतला होता. मी विचारलं, काय म्हणाली? वकीलबाई म्हणाल्या, साक्ष होईपर्यंत एका साक्षीदाराने दुसऱ्याचा जबाब बघायचा नसतो.

खरं सांगते, त्या दिवसापासून मला आरोपीचं काही पडलं नव्हतं. त्याला शिक्षा होवो न होवो. सरकार माझ्या बहिणीला बोलावणार होतं. मला जे अकरा वर्षांत जमलं नाही ते एक शिपाई कागद देऊन करणार होता. मी तारखा मोजायला लागले. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर. दुसऱ्या तारखेला आरोपीचा वकील आजारी. प्रत्येक वेळी मी इस्त्रीचे कपडे घालून कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसायची, शेजारची जागा पिशवी ठेवून अडवायची आणि जिन्यावर पाऊल वाजलं की मान वळवायची. ती कशी दिसत असेल, जाड झाली असेल का, चष्मा लागला असेल का. एकच तास बाकावर शेजारी बसली तरी बास, बोलली नाही तरी चालेल, एवढ्यावर मी आले होते.

चौथ्या तारखेला वकीलबाई हसतच आल्या. आरोपी गुन्हा कबूल करतोय. साक्षी नकोत, उलटतपासणी नको, तुमचे मेसेज भर कोर्टात वाचले जाणार नाहीत. सुटलात तुम्ही.

मी विचारलं, “मग नंबर तीन?”

“त्यांना यायची गरज नाही आता. सकाळीच कळवलंय.”

आत गेल्यावर न्यायाधीशांनी मला उभं केलं. आरोपी सगळं कबूल करतोय, त्याला शिक्षा सुनावून प्रकरण संपवायला फिर्यादीची काही हरकत आहे का? माझ्या एका शब्दाने काही थांबलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण जिभेच्या टोकावर ‘आहे’ होतं. आहे साहेब, खटला चालवा, सगळ्यांना बोलवा. मग ती पोशाख सैल करून घेणारी आई डोळ्यांसमोर आली. तिची मुलगी आता दोन पोरांची आई आहे. तिचं नाव त्या खोलीत मोठ्याने वाचलं गेलं असतं, आणि ते मी लिहिलेलं होतं. एकदा माझ्या तोंडाने घरचं एक माणूस घालवलं होतं.

मी म्हटलं, “हरकत नाही.”

त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. तो रडला, त्याची आईही रडली. मला काहीच वाटलं नाही. व्हरांड्यात येऊन मी बाकावर बसले आणि मग मात्र आवरेना.

वकीलबाई मला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या, पाणी दिलं. मग त्यांनी फाईल उघडली. आता साक्ष व्हायचीच नाही, तेव्हा वाचायला हरकत नाही, म्हणाल्या.

धाकटीचा जबाब एका पानाचा होता. पोलिसांनी तिला माझे सगळे मेसेज छापून दाखवले होते, एकशे बारा पानं. तिने ती सगळी वाचली, त्याला दोन तास चाळीस मिनिटं लागली, आणि प्रत्येक पानावर सही केली, असं अधिकाऱ्याने नोंदवलं होतं. खाली प्रश्न होता, या खात्याबद्दल आणि या मजकुराबद्दल काय सांगाल? त्याखाली तिचं उत्तर.

‘खातं माझं नाही. पण हे सगळं मला लिहिलेलं आहे. याची एक प्रत मला मिळावी.’

वकीलबाईंनी फाईल मिटायला हात पुढे केला. मी म्हटलं, जरा थांबा, पुन्हा एकदा वाचते.