करड्या गोळ्यावरचा अंगठा

मी एक जुना करडा गोळा आहे. हसू नका, मित्रांनो. मला हात नाहीत, तोंड नाही, वजनसुद्धा नाही. वस्तूंची हुबेहूब चित्रे तयार करणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मी राहतो. लाकूड, काच, कापड, काहीही बनवायचे असले, की त्याचे रूप आधी माझ्यावर चढवून पाहतात. जमले की ते खऱ्या चित्राला लावतात आणि मला पुन्हा करडा करून टाकतात.

कुणा अनोळखी माणसाने एका कंटाळवाण्या दुपारी मला घडवले आणि तो चहाला निघून गेला. तेव्हापासून शिकाऊ लोकांची पहिली चूक मीच सोसत आलो आहे. जो तो आधी मला आरशासारखा चकचकीत करतो आणि "वा!" म्हणतो. त्या कौतुकाने मी कधी हुरळलो नाही, कारण पुढच्याच मिनिटाला माझी वीट झालेली असते.

फिरत फिरत मी एका पितळी मुठींच्या कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर आलो. कारखाना कसला, एक खोली, एक भट्टी आणि दारांच्या मुठी घडवणारे एक म्हातारे बाबा. त्यांची मुलगी चाळिशीच्या पुढची, पण बाबा तिला अजून छोटीच म्हणतात. काम जवळजवळ थांबले होते. एका मोठ्या इमारतीच्या सगळ्या दारांना मुठी हव्या होत्या, तेवढीच आशा उरली होती. पण इमारतवाल्यांना फोटो नको होता. आपल्या इमारतीच्या चित्रात बसवता येईल अशी कॉम्प्युटरमधली मूठ त्यांना हवी होती, तीही शुक्रवारी पाचच्या आत. हे काम गेले तर भट्टी कायमची विझवायची, असे बापलेकीत ठरले होते.

छोटीने कारखान्याच्या दाराचीच मूठ मापून आकार तयार केला. घोडे अडले ते पितळापाशी. मेटॅलिक नावाची एक सरकती पट्टी असते. वस्तू धातूची आहे की नाही, हे ती ठरवते. छोटीने ती बरोबर मध्यावर ठेवली. "मूठ निम्मी झिजलीय, म्हणजे धातूपणही निम्मंच," असे ती स्वतःशीच म्हणाली. झाले! मी पिवळ्या प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसू लागलो. तिने रंग गडद केला, दिवे वाढवले, दिवे कमी केले. बाई गं, ती पट्टी सरकव, असे मला ओरडावेसे वाटत होते. तीन वाजले. चार वाजले. शेवटी टेबलावर डोके टेकून ती रडू लागली.

बाबा हात पुसत आले. "काय झालं गं?"

"होत नाहीये बाबा. पितळच वाटत नाही ते."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिले. "निम्मं ठेवलंयस? अगं, पितळ निम्मं नसतं. असतं, नाहीतर नसतं."

तिने पट्टी शेवटपर्यंत सरकवली आणि मी उजळलो. ती रडता रडता हसली. बाबांनी मात्र मान हलवली. "आता पितळ झालं. पण ही मूठ कुणी धरलेलीच नाही."

मग ते तिला दारापाशी घेऊन गेले. "इथं खाचेत काळं, खरखरीत आहे. आणि हे बघ, इथं गुळगुळीत. तीस वर्षं तुझी आई इथंच अंगठा टेकवून दार ढकलायची."

छोटी परत येऊन कॉम्प्युटरपुढे बसली. किती खरखरीत ते ठरवणारी रफनेसची पट्टी तिने हाती घेतली, खाच खरखरीत केली आणि अंगठ्याएवढी जागा गुळगुळीत केली. एवढे सुंदर मी आयुष्यात कधी दिसलो नव्हतो. पाच वाजायला दहा मिनिटे असताना चित्र गेले.

सोमवारी उत्तर आले. चित्र आवडले, हीच मूठ पाठवा, हातात घेऊन ठरवू.

"दुसरी ओतू ना, बाबा."

"ओतू. पण झीज कुठून आणायची?" बाबांनी स्वतःच स्क्रू काढले.

मूठ पाठवून आज एकवीस दिवस झाले. फोन केला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत" एवढेच ऐकू येते. कारखान्याचे दार तारेने बांधलेले असते. रोज सकाळी बाबांचा हात सवयीने मुठीकडे जातो आणि रिकाम्या भोकापाशी थांबतो. मला ते पाहवत नाही, आणि डोळे मिटायला माझ्याकडे पापण्याही नाहीत. भट्टी आठवडाभर पेटलेली नाही. काल बाबा एकटेच माझ्यासमोर येऊन बसले. छोटीने मला अजून करडा केलेले नाही; माझ्या त्या चमकत्या जागेवर, काचेवरूनच, त्यांनी अंगठा टेकवला. काच थंड होती. त्यांनी अंगठा तसाच ठेवला.

मित्रांनो, तुम्ही हे सॉफ्टवेअर शिकायला बसाल तेव्हा पट्ट्यांना हात लावण्याआधी खरी वस्तू हातात घ्या. ती कुठे झिजली आणि कुणामुळे, ते विचारा. आणि ती मूठ तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीच्या साहेबांच्या खणात पडली असेल, तर माझा एवढा निरोप सांगा. काम देऊ नका हवे तर. चित्र फुकट ठेवून घ्या. पण मूठ परत पाठवा, आणि पाठवण्याआधी कृपा करून तिला पॉलिश करू नका.