लखलखणारा गॅसमापक

मित्रांनो, मी एक जुना गॅसमापक आहे. मुठीत मावेन एवढाच. हातातल्या यंत्राच्या तोंडावर मला बसवायचं आणि माझं आयुष्य सरलं की काढून नवा लावायचा, अशी माझी नोकरी.

माझा चेहरा कारखान्यातल्या एका बाईंनी कागदावर रेखाटला. गॅस आत यायला बारीक भोकं पुरली असती, पण त्यांनी भोवती सात वळणदार पाकळ्या काढल्या. थोरले इंजिनिअर हसले, "गॅस मोजायचाय की लग्नाला जायचंय?" बाई म्हणाल्या, "दोन वर्षांनी बदलायचाय, म्हणून काय कुरूप असावा?" त्या दिवसापासून मी जरा चढूनच गेलो, हे कबूल करतो.

पुढे मी सांडपाण्याच्या पंपघरात आलो. तिथलं सामान आबा सांभाळायचे. खोल विहिरीत उतरून पंप दुरुस्त करणारा फिटर त्यांचाच जावई. तो उतरण्याआधी मला यंत्रासकट दोरीने खाली सोडायचे. आत विषारी गॅस असला की मला कळायचं आणि यंत्र बोंब मारायचं. वर्षभरात पाच वेळा मी त्याला वरच थांबवलं.

आबांचा माझ्यावर भारी जीव जडला. रोज सकाळी ते टेबलाचं पॉलिश घेऊन माझी पाकळी न् पाकळी घासायचे. मी लखलखू लागलो, पण पॉलिश भोकांत जाऊन बसलं. हळूहळू माझा श्वास कोंडला. मला गॅस कळेनासा झाला आणि यंत्र शांतपणे शून्य दाखवत राहिलं. ओरडून सांगावं, तर मला बोलता कुठे येतं?

एका दुपारी पंप अडकला. मला खाली सोडून वर ओढलं. शून्य. फिटरने शिडीवर पाय ठेवला. मी पार गारठलो. तेवढ्यात नव्या सुपरवायझर बाई आल्या.

"थांबा. मापक तपासलात?"

"अहो, आरशासारखा लखलखतोय! त्याला काय तपासायचं?" आबा फणकारले.

"दिसतो छान. पण काम करतो का, ते बघू."

मापक ओरडतो का हे बघायला ठेवलेल्या तपासणीच्या बाटलीतला गॅस त्यांनी माझ्या तोंडावर सोडला. शून्य. पुन्हा सोडला. शून्यच. आबांचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी मला काढलं, नवा मापक बसवला आणि यंत्र विहिरीत सोडलं. अर्ध्यावरच ते किंचाळायला लागलं. मित्रांनो, तो आवाज ऐकून मला केवढं हायसं वाटलं!

आबा मटकन खाली बसले. "जावईबापू, माझ्यामुळे आज तुमचा जीव गेला असता हो."

"मामा, आधी पाणी प्या," जावई म्हणाला.

मग पंख्याने विहिरीत ताजी हवा भरली. दोन तासांनी यंत्र खाली सोडल्यावरही गप्प राहिलं, तेव्हा तो उतरला आणि पंप सुरू करून धडधाकट वर आला.

आबांनी माझ्यावर लाल शाईने 'बाद' असं लिहिलं. मला मुळीच वाईट वाटलं नाही. मित्रांनो, आमच्यावर माया असेल तर आम्हाला नुसतं घासूनपुसून ठेवू नका. वापरण्याआधी दर वेळी तपासा आणि आमचं काम संपलं की खुशाल बदला.

बाद वस्तूंच्या खोक्यातून मला विहिरीचं तोंड दिसतं. हल्ली तपासणीची बाटली आबा स्वतः उघडतात. त्या गॅसने नवा मापक ओरडेपर्यंत ते जावयाचा दंड घट्ट धरून ठेवतात.