रिव्हर्समधली चढण

कीर्तीला हसू आवरेना. तिनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"मुलगी अख्खा घाट रिव्हर्समध्ये चढते? फ्राउ लिंडनर, तुमच्या आत्यानं गाडी लांबूनच पाहिली असणार."

कीर्तीच्या जर्मनीतल्या घराखालच्या मजल्यावर राहणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या फ्राउ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, यांनी पुस्तक मिटलं. हेडविगआत्यानं १९११ साली मुलींसाठी लिहिलेली ही मोटारीची धाडसकथा मघापासून त्याच वाचून दाखवत होत्या. ती जुनी काटेरी जर्मन अक्षरं कीर्तीला बापजन्मात वाचता आली नसती. आत्या म्हणे स्वतः गाडी चालवायची, पण घरात कुणी ते मानलं नाही. फ्राउ लिंडनर यांच्या वडिलांनी तर पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं : सगळं थोतांड.

शनिवारी फ्राउ लिंडनर वृद्धाश्रमात राहायला जाणार होत्या. तिथं पुस्तकांना एकच फळी.

"तुम्ही इथल्या कारखान्यातल्या इंजिनिअर. तुम्ही म्हणता तर तसंच असेल," म्हणत त्यांनी पुस्तक रद्दीच्या खोक्यात ठेवलं. अगदी हळू, निजलेल्या लेकराला ठेवावं तसं.

कीर्तीच्या जिवाला ते लागलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करणारी ती नव्हे. दहा वर्षं गाडीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारे पंप तपासण्यात गेलेली. पंपाशिवायची गाडी तिच्या डोक्यातच येत नसे.

पंप. ती थबकली.

"टाकी कुठं होती म्हणाली ती मुलगी?"

फ्राउ लिंडनर यांनी पुस्तक काढून पान शोधलं. "सीटखाली. पेट्रोल संपत आलं होतं."

कीर्तीला उलगडलं. तेव्हा कुठला आलाय पंप? पेट्रोल आपलं उताराकडे वाहायचं. चढावर गाडीचं नाक वर झालं, की त्यातलं इंजिन उपाशी. गाडी उलटी फिरवली, की टाकी वर, इंजिन खाली. तिनं दुधाचं भांडं तिरकं करून दाखवलं.

"हे घरबसल्या सुचत नाही हो. घाटात अडकावं लागतं. चुकले मी. आत्या चालवत होत्या."

फ्राउ लिंडनर यांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. मग खोडरबरासाठी त्यांनी ड्रॉवर उघडला.

"खोडू नका," कीर्ती म्हणाली.

ऑफिसात रोज ड्रॉइंगवर लिहिते तसं तिनं वडिलांच्या ओळीखाली पेनानं लिहिलं : गेप्रुफ्ट. तपासलं, बरोबर आहे. खाली तारीख, १२ मे २०१४, आणि सही.

फ्राउ लिंडनर यांनी शाई वाळू दिली. मग पुस्तक पर्समध्ये ठेवलं, चष्म्याशेजारी.